स्टिअरिंग जागेवर होतं

१

शटर गुडघ्याइतकं वर गेलं आणि वस्तादाने मला मागे ढकललं.

"मामा, तोंडावर रुमाल धरा. मागे व्हा आधी!"

आतून धुराचा भपकारा आला. इंजिन केव्हाच बंद पडलं असावं, पण बंद शटरच्या आत धूर तसाच कोंडून राहिला होता. वस्तादाने पाण्यात बुडवलेलं फडकं तोंडाला बांधलं, आत शिरला आणि पलीकडचं शटर वर केलं. मी रुमाल धरून उंबऱ्यावर उभा राहिलो. अशा वेळी माझे पाय नेहमी जागच्या जागी रुततात.

धूर विरळ झाल्यावर गाडी दिसली. धाकट्याची शर्यतीची गाडी, नवं नाक बसवलेली, रंग अजून ओला वाटावा अशी. आणि तिच्यात पोपट बसला होता. हनुवटी छातीला टेकलेली, हात मांडीवर. काही लिहिताना डुलकी लागलेल्या कारकुनासारखा.

वस्तादाने स्टिअरिंगची कळ दाबून ते ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि पोपटाला बगलेत धरून बाहेर काढलं. पोपट मुळातच काटकुळा. तो बाहेर आला तेव्हा त्याचे बूट पत्र्यावर घासल्याचा आवाज झाला. तो आवाज आजही माझ्या कानातून जात नाही.

"गेला," वस्ताद म्हणाला आणि खाली बसला.

इथे थोडं मागे जायला हवं. मला गोष्ट सांगता येते की नाही याची शंकाच आहे, पण सांगायला दुसरं कुणी उरलं नाही.

ही रेसिंग टीम माझ्या मेहुण्यांची. मी त्यांना दाजी म्हणतो. तरुणपणी ते स्वतः शर्यती मारायचे. आता त्यांची दोन्ही मुलं चालवतात. थोरला आणि धाकटा, सगळे त्यांना तसंच म्हणतात. माझी बहीण, त्यांची आई, आता नाही. मी निवृत्त ग्रंथपाल. टीमचा इतिहास लिहितो या नावाखाली कार्यशाळेच्या माळ्यावर जुन्या शर्यतींच्या फिल्मा बघत बसतो आणि सकाळी वस्तादाबरोबर चहा पितो. वस्ताद म्हणजे मुख्य मेकॅनिक. आणि पोपट म्हणजे शर्यतभर ड्रायव्हरच्या कानात रेडिओवरून बोलणारा माणूस. सतत बोलायचा म्हणून पोपट.

काही आठवड्यांपूर्वीच्या शर्यतीत धाकट्याने गाडी भिंतीवर घातली. अपघात झाला की सुरक्षागाडी पुढे येते, सगळ्यांना तिच्या मागे रांगेत सावकाश जावं लागतं, आणि ज्याने आधीच पेट्रोल भरून घेतलंय त्याचं फावतं. थोरल्याने नुकतंच भरलं होतं. तो जिंकला. आणि धाकट्याच्या गाडीचं उडालेलं चाक वळणावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लागलं. तो जागीच गेला.

नंतर धाकट्याने पत्रकारांना सांगून टाकलं की ती धडक मुद्दाम होती, त्याला तसा हुकूम होता. हुकूम कुणाचा, ते तो शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या सुनावणीतच सांगणार होता. सुनावणी दोन दिवसांवर आली होती.

वस्तादाने पोपटाच्या खिशातून फोन काढला. पडद्यावर लिहून ठेवलेला, कुणालाच न पाठवलेला मजकूर होता.

"भिंतीवर गाडी घालायला मीच सांगितलं. पोराचा काही दोष नाही. आता सहन होत नाही."

"म्हणजे हाच होता तर," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. धाकटा सुटला होता.

"कोण होता?" मागून बाईचा आवाज आला. "आणि त्याला हात कुणी लावला?"

२

संघटनेने चौकशीसाठी नेमलेल्या बाई होत्या. नोकरीत असताना त्या प्रत्येक शर्यतीआधी गाड्या मोजायच्या. गाडीच्या शेपटीवरचा पंख एवढासा लांब निघाला तरी गाडी शर्यतीबाहेर. सगळे त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पोलीस आले, मजकूर वाचला, मान डोलावली आणि मृतदेह घेऊन गेले. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता. बाई मात्र एका टायरवर बसून राहिल्या. त्यांचा गुडघा दुखतो.

"वस्ताद, तुम्ही त्याला काढलंत तेव्हा स्टिअरिंग कुठे होतं?"

"जागेवर. ते काढलं म्हणून तर तो निघाला. स्टिअरिंग न काढता या गाडीतून मांजरसुद्धा बाहेर येत नाही, बाई."

"आणि आत जाताना?"

"आत जातानाही काढावंच लागतं."

"म्हणजे हा माणूस मरायला निघाला. स्टिअरिंग काढलं, आत बसला, गाडी सुरू केली. इथवर ठीक. मग त्याने स्टिअरिंग परत का बसवलं? त्याला कुठे जायचं होतं?"

वस्ताद जमिनीवरच्या स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"तुमच्यापैकी कुणी बसवतं का?"

"नाही बा. आम्ही ड्रायव्हरला बसवतो, पट्टे आवळतो. स्टिअरिंग ज्याचं त्यानेच लावायचं. मेकॅनिक त्याला हात लावत नाही. ते अशुभच म्हणा ना."

"मग कुणाला सवय असते?"

वस्तादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उत्तर मलाही ठाऊक होतं. नियमच आहे: ड्रायव्हर गाडी सोडून उतरला की त्याने स्टिअरिंग परत जागेवर बसवायचं, सरळ. म्हणजे बंद पडलेली गाडी बाकीच्यांना ढकलून बाजूला नेता येते.

"कुणीतरी त्याला बेशुद्ध करून आत बसवलं," बाई म्हणाल्या. "आणि काम झाल्यावर हात आपोआप स्टिअरिंगकडे गेला. डोकं दुसरीकडे होतं, हात आपलं काम करत होता. अशा वेळी हात मालकाला विचारत नाही."

त्या उठल्या.

"स्टिअरिंगची गोष्ट आपल्या तिघांतच राहील. बाहेर कुणालाही नाही. घरच्यांना तर अजिबात नाही. मामा, तुम्हाला सांगतेय."

मी मान हलवली. माझ्या घरच्यांपैकी गाडी चालवणारे तिघेच होते. दाजी, थोरला आणि धाकटा.

३

धाकटा माझ्याकडे राहत होता. मुलाखत छापून आल्यापासून त्याने बापाचं घर सोडलं होतं. दिवसासुद्धा पडदे ओढलेले. दाराला कडी, कडीला कुलूप. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कुणीतरी श्वास घेत असायचं. समोरच्या फुटपाथला एक करडी गाडी लागलेली असायची, आणि तिच्यातून कधी कुणी उतरताना मी पाहिलं नाही. खिडकीवर एकदा लाल रंग फेकला गेला. मी तो ब्लेडने खरवडला, पण कडांना अजून आहे.

त्या संध्याकाळी तोच मला घ्यायला कार्यशाळेवर आला, माझ्या बहिणीची जुनी छोटी गाडी घेऊन. गाडी माझ्या दारात असते, पण मला चालवता येत नाही. वाटभर तो आरशात बघत होता.

"मागे कुणी आहे का रे?"

"आहे असं वाटतंय. बघू नकोस, मामा."

घरी पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं, स्टिअरिंग सरळ केलं, मग उतरला. लहानपणी पायाने ढकलायची गाडी तो अंगणात वाकडी टाकून जायचा आणि माझी बहीण तिला अडखळायची. "उतरताना गाडी सरळ कर, मगच जेवायला ये," म्हणायची. ती गेली, सवय राहिली. एरवी मला ते बघून बरं वाटायचं.

जेवताना त्याने भाताचे नुसते ढीग केले.

"मामा, कसा सापडला तो?"

"बसलेला."

"म्हणजे?"

"बसलेला होता रे. जेव आता."

इतकंच बोललो. शब्दन् शब्द इतकाच. पुढे मला हे पुन्हा पुन्हा आठवून बघावं लागणार होतं.

"आता माझा नंबर आहे," तो म्हणाला. "पोपटाने स्वतः केलं यावर माझा विश्वास नाही. बाबांनी केलं असेल. मी परवा नाव घेणार म्हणून आधी त्याच्या गळ्यात अडकवलं."

"वेडा आहेस का? बाप आहे तो तुझा."

"तू त्यांना शर्यत हरल्यावर बघितलेलं नाहीस."

तेवढ्यात दाराची मूठ फिरली. कुलूप होतं म्हणून दार उघडलं नाही. पुन्हा फिरली, हळू. धाकटा खुर्चीवरून उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी चमचा ताटात ठेवला.

"मामा, उघड. मी आहे."

थोरला होता. दार उघडताच तो मला ओलांडून थेट भावासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"परवा सुनावणीत बाबांचं नाव घेतलंस तर मी तुला जिवंत सोडणार नाही."

"ऐकलंस, मामा?" धाकटा म्हणाला. "ऐकलंस ना?"

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिघांना कार्यशाळेत बोलावलं. भिंतींवरची जाहिरातदारांची नावं कामगार खरवडून काढत होते. सगळे सोडून गेले होते. पोपट मेला ती गाडी मधोमध उभी होती. कुणी तिच्याजवळ उभं राहत नव्हतं.

"मला एवढंच बघायचंय," बाई म्हणाल्या, "की आत बसून स्टिअरिंग लावलेला माणूस हिच्यातून बाहेर कसा येतो. दाखवाल?"

"मेलेल्या माणसाच्या गाडीत बसायला सांगताय?" दाजी म्हणाले.

"गाडी तुमचीच आहे ना?"

दाजी बसले. वस्तादाने स्टिअरिंग काढून त्यांना खांद्याला धरून आत उतरवलं. स्टिअरिंग त्यांनी नुसतं दाबून बसवलं, ते त्यांच्या पोटाशी आलं. ते कळ शोधायला लागले. वर चाचपलं, खाली चाचपलं. मान लाल झाली.

"आमच्या वेळी हे निघायचंच नाही. बोल्टने बसवलेलं असायचं. आम्ही असेच सरपटत बाहेर यायचो."

"आणि आग लागली तर?"

"तर लागली." ते हसले नाहीत. "हुकमाबद्दल विचारायचंय ना तुम्हाला? मी दिला नाही. माझ्या पोरांना मी हरू देईन, भिंतीवर घालू देणार नाही. पण मी हे कुणालाही सांगितलं तरी खरं वाटणार नाही, म्हणून सांगत नाही."

शेवटी कळ वस्तादाने दाबली.

मग थोरला. झटक्यात स्टिअरिंग उपटलं, गाडीच्या नाकावर भिरकावलं आणि उडी मारून बाहेर. ते घरंगळत जाऊन माझ्या बुटाला लागलं.

"दर शर्यतीला ताकीद मिळते याला," वस्ताद पुटपुटला. "अजून शिकला नाही."

"भावाला धमकी का दिलीत काल?" बाईंनी विचारलं.

थोरल्याने माझ्याकडे जळजळीत पाहिलं. चुगली मीच केली होती.

"कारण तो खोटं बोलतोय. बाबांनी सांगितलं नाही. मला माहितीये. मला जिंकवण्यासाठी माणूस मेला, बाई. तो चषक मी घरात ठेवलेला नाही. पण त्याची भरपाई म्हणून बापाचा बळी देणार नाही."

मग धाकटा.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाय आत घालताना त्याने डोळे मिटले. मला वाटलं पुढे होऊन सांगावं, नको बाई, पोराला सोडा. पण मी कुठे कधी पुढे होतो.

त्याने कळ दाबली. स्टिअरिंग ओढून काढलं. दोन्ही हातांनी, काळजीपूर्वक, नाकावर ठेवलं. मग काठावर हात टेकून बाहेर आला आणि मागे न बघता चालत लांब गेला.

काहीतरी चुकलं होतं, छापील पुस्तकातलं एखादं पान उलटं लागावं तसं, आणि ते कुठलं पान हे मला सापडत नव्हतं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आभारी आहे. मामा, तुमच्या त्या फिल्मा मला दाखवाल? धाकट्याच्या सगळ्या?"

५

माळ्यावर खिडकी लावून आम्ही बसलो. पडद्यावर एकामागून एक शर्यती. बाई शर्यत बघतच नव्हत्या. गाडी थांबली की, "इथे. आता बघा."

पहिल्या हंगामात इंजिन बंद पडलेलं: धाकटा उतरला, वळला, वाकला, स्टिअरिंग बसवलं. पावसातल्या शर्यतीत गाडी चिखलात रुतलेली: वाकला, बसवलं. जिंकलेली एकुलती एक शर्यत, सगळे त्याच्याकडे धावताहेत, आणि तो त्यांना हाताने थांबवून आधी स्टिअरिंग बसवतोय. मग तीच फिल्म. भिंत, धूर, मागे ज्वाळा. माणसं ओरडताहेत. धाकटा बाहेर येतो, वळतो आणि ज्वाळांकडे तोंड करून स्टिअरिंग जागेवर लावतो. सरळ करतो.

पान सापडलं. मला ते नको होतं.

"दर वेळी," बाई म्हणाल्या. "आगीतसुद्धा. फक्त आज नाही."

"घाबरला होता तो. त्या गाडीत बसवलंत तुम्ही त्याला."

"मामा, घाबरलेला माणूस सवयीला धरून ठेवतो. सवय सोडायची तर लक्ष लागतं. त्याने आज फार लक्षपूर्वक सोडली." त्या थांबल्या. "थोरल्याला स्टिअरिंगचं महत्त्व ठाऊक नव्हतं, म्हणून तो नेहमीसारखाच वागला. तुमच्या दाजींना कळही सापडली नाही. ज्याला ठाऊक होतं की त्या सकाळी स्टिअरिंग जागेवर होतं आणि ते तसं असायला नको होतं, तोच आज ते बाजूला ठेवणार. केल्यानंतर केव्हातरी त्याच्या लक्षात आलं असेल. तोवर परत जाता येत नव्हतं."

"पण त्याने पोपटाला कशाला... पोपटाने तर सगळं स्वतःवर घेतलं होतं!"

"कुणी लिहिला तो मजकूर? पुन्हा वाचा. 'पोराचा काही दोष नाही.' मरणाऱ्याला पोराची इतकी काळजी, आणि झेंडेवाल्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. पोपट त्या माणसाच्या अंत्यविधीला गेला होता. त्याच्या बायकोसमोर रडला होता. त्याने लिहिलं असतं तर पहिला शब्द तिच्यासाठी असता."

खाली कामगारांच्या खरवडण्याचा आवाज येत होता.

"हुकूमच नव्हता," बाई म्हणाल्या. "असता तर पोपट जिवंत असता. मला वाटतं, पोपट येऊन हेच सांगणार होता."

"वाटतं म्हणजे पुरावा नव्हे."

"नाहीच. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, की स्टिअरिंगबद्दल त्याला बाहेरून कळायचा मार्ग नव्हता. वस्तादाने कुणाला सांगितलं नाही, मी खात्री केलीय. उरलात तुम्ही." त्यांनी हात वर केला. "आत्ता उत्तर देऊ नका. उद्या सुनावणीत पोलीस अधिकारी असतील, त्यांच्यासमोर विचारीन. मी मामांकडून ऐकलं होतं, म्हणून घाबरून तसं केलं, असं तो म्हणेल आणि तुम्ही हो म्हणालात, तर विषय संपला. तो तुमच्या घरी जेवायला येईल."

मी घरी पायी गेलो. करडी गाडी समोर नव्हती. तिची भीती मला इतके दिवस वाटत होती आणि आज ती तिथे असायला हवी होती असं वाटलं. वर दिवा लागलेला होता. दाराला आतून कडी होती. मी वाजवली. कडी निघाली, आणि मी आत जाताच माझ्या मागे पुन्हा लागली.

६

"चल, मीच सोडतो तुला," सकाळी तो म्हणाला. "दोघांना एकाच ठिकाणी जायचंय."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी गाडीत बसलो, मांडीवर छत्री घेऊन.

संघटनेच्या इमारतीकडे डावीकडे वळायचं होतं. तो उजवीकडे वळला.

"हा धरणाचा रस्ता आहे," मी म्हणालो.

"माहितीये. मोकळा असतो."

एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत, लांबच लांब. बहिणीची गाडी त्या वेगाने कधी गेली नसेल. दार खडखडत होतं. काच थरथरत होती. तो मात्र आरामात बसला होता, आपण सोफ्यावर बसतो तसा.

"काल माळ्यावर बाईंबरोबर काय बघत होतास?"

"फिल्मा."

"माझ्या?"

मी छत्रीची मूठ धरली. गप्प राहून उत्तर देणं मला आयुष्यभर जमलंय.

"मग तुला कळलंय," तो म्हणाला. गाडी आणखी पुढे झेपावली. "बाबा म्हणाले होते, पुढच्या हंगामात तुला गाडी नाही. म्हणाले, टीमसाठी आजवर केलंस काय? मी पोपटाला म्हटलं, मी भिंतीवर घातली तर दादा जिंकेल. तो हसला. त्याला चेष्टा वाटली. आणि त्या फेरीत त्याच्या लक्षात आलं, मी त्या वळणाला वेग कमीच करत नाहीये. तो ओरडायला लागला. नको, नको, पोरा, नको. मी रेडिओचं बटण बंद केलं."

"आणि झेंडेवाला..."

"मला दिसला नाही तो! आईशप्पथ मामा, मला दिसला नाही." त्याचा आवाज लहान मुलासारखा फाटला. "नंतर सगळे खुनी म्हणायला लागले. हुकूम होता म्हटलं की मी नुसता पोरगा राहतो. सांगितलं तसं केलं. पोपट म्हणाला, मी खरं सांगणार, तुझ्याच भल्यासाठी. माझ्या दुखण्याच्या गोळ्या कॉफीत घातल्या. झोपला तो. त्याला काही कळलं नाही."

भिंत माझ्या बाजूला होती. दगडांमधले सांधे एक एक करून दिसेनासे झाले, सगळी मिळून एक राखाडी पट्टी झाली. पुढे रस्ता वळत होता.

"तू एवढंच म्हणायचं, मीच त्याला सांगितलं होतं, स्टिअरिंग जागेवर होतं म्हणून. बस्स. म्हातारा आहेस, चष्मा कुठे ठेवलास आठवत नाही तुला. कुणाला संशय येणार नाही. म्हणशील ना?"

वळण जवळ येत होतं. तो वेग कमी करत नव्हता.

"मामा. म्हणशील ना?"

मला हो म्हणायचं होतं. जीव वाचवायला म्हणा किंवा त्याला वाचवायला म्हणा, मला खरंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. बाहेर आलं ते भलतंच.

"रेडिओ चालू ठेव रे," मी म्हणालो. "कुणी नको म्हणतंय ते ऐकू येऊ दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. वळणाकडे नाही, माझ्याकडे. माझी छत्री समोर आदळली, पट्टा छातीत रुतला, टायर किंचाळले, आणि गाडी आडवी होत होत भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. पाण्यावरून कुठलासा पक्षी ओरडत गेला.

मग त्याने गाडी वळवली आणि शहराकडे घेतली, अगदी सावकाश, सुरक्षागाडीच्या मागे जातात तशी.

संघटनेच्या दारात त्याने इंजिन बंद केलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ केलं. आणि तसाच थांबला, कारण मी त्याच्या हातांकडे बघत होतो हे त्याने पाहिलं.

"बघ ना," तो म्हणाला. "काल किती जड गेलं मला ते न करणं."

मग तो उतरला आणि माझ्या बाजूला येऊन माझं दार त्याने उघडून दिलं.

सभागृहात पहिल्या रांगेत झेंडेवाल्याची बायको बसली होती, हातात रुमालाची घडी. दाजी भिंतीशी उभे. थोरला त्यांच्या शेजारी. बाईंनी मला नावाने नाही, मामा म्हणूनच हाक मारली. स्टिअरिंगची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं, याबद्दल तुम्ही तुमच्या भाच्याशी कधी काही बोलला होतात का?

मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. लोकांची नावं आठवत नाहीत. आपण बोललो ते नीट बोललो का, याचा घोर मला रात्रंदिवस असतो. मी धाकट्याकडे पाहिलं. तो मान हलवत नव्हता, खुणावत नव्हता. लहानपणी अंगणातून जेवायला बोलावलं की बघायचा तसा बघत होता, आता आणखी खेळता येणार नाही हे कळल्यासारखा.

"नाही," मी म्हणालो. "त्याने विचारलं, कसा सापडला. मी म्हणालो, बसलेला. आणखी एक शब्दही नाही."

आयुष्यात एवढी खात्री मला दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही. ती याच गोष्टीची वाटावी!

त्याला घेऊन गेले तेव्हा थोरला वाट अडवून उभा राहिला. मला वाटलं मारतोय. त्याने भावाच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि बाजूला झाला.

मी बाहेर आलो. गाडी दारात होती, किल्ली आतच राहिली होती. मला चालवता येत नाही. कुणीतरी येऊन नेईपर्यंत मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि काचेला कपाळ लावून आत पाहिलं.

स्टिअरिंग अगदी सरळ होतं. आता ढकलून न्यायला काहीच अडचण नव्हती.